एडी मर्क्स कोर्सा एक्स्ट्रा: जुनी स्टीलची सायकल घ्यावी का?

सरळ मुद्द्यावर येतो. कोर्सा एक्स्ट्रा ही बेल्जियमचा रेसिंग सायकलपटू एडी मर्क्स याच्या कारखान्यातली ऐंशीच्या दशकातली स्टीलची रोड सायकल, माझ्याकडची अर्थातच सेकंडहँड, इथे लुवेनजवळच एका रिटायर्ड गृहस्थांकडून घेतली आणि आता उन्हापावसात भरपूर चालवून झालीये म्हणून लिहितोय. बेल्जियम-नेदरलँड्समध्ये नोकरीला किंवा शिकायला आलेले आपले लोक सायकलिंगचा किडा चावला की हमखास विचारतात की जुनी मर्क्स दिसतेय, घेऊ का. थोडक्यात उत्तर असं की उताराला आणि लांब राइडला जबरदस्त, चढाला रडवते, आणि पार्ट शोधत बसायचा पेशन्स असेल तरच घ्या. सविस्तर उत्तर खाली आहे आणि त्यात मर्क्सची करियर येणारच, कारण ती बाजूला काढली तर ही सायकल अशी का वागते ते कळतच नाही.

ज्यांना मर्क्स हे नुसतं फ्रेमवरचं स्टिकर वाटतं त्यांच्यासाठी पटकन. जन्म १७ जून १९४५, मेन्सेल-कीझेखेम नावाच्या छोट्याशा गावात, लुवेनहून सायकलने आरामात जाऊन येता येतं. तो लहान असतानाच घरचे ब्रसेल्सच्या वोलुवे-सेंट-पिएरमध्ये राहायला गेले आणि तिथे आईवडिलांनी किराणा दुकान टाकलं. १९६४ ला अमॅच्युअर वर्ल्ड चॅम्पियन, १९६६ ला वयाच्या विसाव्या वर्षी मिलान-सान रेमो ही इटलीतली एका दिवसाची रेस जिंकला, आणि मग ती एकच रेस एकूण सात वेळा. तीन आठवडे चालणाऱ्या मोठ्या रेसपैकी टूर द फ्रान्स पाच, जिरो द'इटालिया पाच, व्हुएल्टा एक, प्रोफेशनल वर्ल्ड चॅम्पियन तीनदा, एका दिवसाच्या रेसपैकी लिएज-बास्तोन-लिएज पाचदा, पॅरिस-रुबे तीनदा. एकूण विजय ५२५ धरतात. १९७१ च्या एका वर्षात १२० रेसमध्ये ५४ जिंकल्या, म्हणजे जवळजवळ दर दुसरी रेस याची. कॅनिबल हे नाव त्याला एका टीममेटच्या लहान मुलीने दिलं, बाबा सांगत होते की हा माणूस आम्हाला उरलंसुरलंही जिंकू देत नाही, तर ती म्हणाली मग तो कॅनिबलच की.

पण आपल्याकडे टूर द फ्रान्सबद्दल वाचलेल्या लोकांनाही त्याचं ट्रॅकवरचं काम माहीत नसतं आणि माझ्या मते खरा मर्क्स तिथेच कळतो. हिवाळ्यात बाकीचे रोडवाले घरी बसून वजन वाढवायचे तेव्हा हा पठ्ठ्या सिक्स-डे रेसेस मारत फिरायचा. सिक्स-डे म्हणजे बंदिस्त लाकडी ट्रॅकवर सहा रात्री चालणारी रेस, दोघांची जोडी, एक जण रेसमध्ये आणि दुसरा वर हळूहळू फिरत थांबलेला, मग हात धरून एकमेकाला पुढे फेकायचं, खाली प्रेक्षक बिअर पीत बसलेले, गाणी चालू, सिगारेटचा धूर. अशा १७ सिक्स-डे त्याने जिंकल्या आणि त्यातल्या बऱ्याच पॅट्रिक सेर्कूच्या जोडीने. सेर्कू म्हणजे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचा किलोमीटर टाइम ट्रायलचा गोल्डवाला, सिक्स-डेमध्ये ८८ विजयांचा बादशहा. दोघं पोरसवदा असताना १९६५ मध्ये गेंटच्या कॉयप्केमध्ये जिंकले होते. तो ट्रॅक फक्त १६६ मीटरचा आहे! २५० मीटरचा ट्रॅक बघायची सवय असलेल्या माणसाला ते एखाद्या खोल वाडग्यात सायकली फिरतायत असं वाटतं, वळण संपायच्या आत दुसरं वळण सुरू. नोव्हेंबरमध्ये तिथे अजूनही रेस होते, इथे राहत असाल तर एकदा तरी जाऊन याच, सायकलिंग आवडत नसेल तरी.

आता सायकलकडे. मर्क्स १९७८ च्या मे महिन्यात रिटायर झाला, शेवटी शेवटी अंगात काही उरलं नव्हतं. १९८० मध्ये ब्रसेल्सच्या उत्तरेला मेइजे गावात त्याने फ्रेमचा कारखाना काढला. मोठ्या खेळाडूच्या नावाने बाजारात येणाऱ्या बहुतेक वस्तू कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीने बनवलेल्या असतात आणि त्याचा संबंध फक्त सहीपुरता. इथे तसं झालं नाही. इटलीचा उगो दे रोझा, ज्याने मर्क्सच्या मोल्तेनी टीमला फ्रेम बनवून दिल्या होत्या, त्याने इथल्या कारागिरांना हाताला धरून काम शिकवलं. म्हणजे डोकं बेल्जियन, हात इटालियन वळणाचे. पुढे सेव्हन-इलेव्हन आणि मोटोरोला या अमेरिकन टीम याच कारखान्याच्या सायकलींवर रेस करायच्या, त्यामुळे ते रंग असलेल्या जुन्या फ्रेमना आज भाव जास्त आहे. २००८ मध्ये मर्क्सने कंपनीतला बहुतेक हिस्सा विकला. आज त्या नावाने ज्या कार्बनच्या सायकली मिळतात त्या चांगल्या असतील, पण मी जे लिहितोय ते त्यांच्याबद्दल नाही.

फ्रेम कोलंबस एसएलएक्स ट्यूबची. या ट्यूबची गंमत म्हणजे टोकाला आतून पीळ दिलेल्या बारीक कडा असतात, जिथे जोर जास्त पडतो तिथे, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस बसतो त्या जागेच्या) आसपास. बाहेरून काहीच दिसत नाही. जॉइंटला लग, म्हणजे ट्यूब आत घुसतात अशा बाह्या, लावून ब्रेझिंग (वितळलेल्या धातूने जोडकाम) केलंय. मी सायकल घेतली तेव्हा धुऊनपुसून उन्हात ठेवली आणि हेडट्यूबजवळ, म्हणजे हँडलखालच्या उभ्या ट्यूबजवळ, नखाने चाचपून बघितलं, लगची कड इतकी पातळ घासलीये की ट्यूब कुठे संपते आणि लग कुठे सुरू होतो ते डोळ्याला दिसतं पण नखाला फारसं लागत नाही. सीटस्टेच्या (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक ट्यूबच्या) वरच्या टोकाला नाव कोरलंय आणि त्या अक्षरांच्या खोबणीत रंग भरलाय, माझ्याकडचा अर्धा उडालाय, पण मी तो परत भरणार नाही. रंग मोल्तेनीचा केशरी असता तर मी दुप्पट पैसे दिले असते हे कबूल. माझी निळी आहे. मोल्तेनी ही सलामी बनवणारी इटालियन कंपनी होती आणि त्याआधीची फेमा ही कॉफी मशीनवाली, म्हणजे त्या काळात जगातला सगळ्यात भारी सायकलपटू खाण्यापिण्याच्या जाहिरातीच करत फिरायचा.

वजन सगळं मिळून साडेनऊ-दहा किलोच्या घरात. आजच्या कार्बनवाल्यांना हे ऐकून हसू येईल, येऊ दे. सपाट रस्त्यावर एकदा वेग पकडला की वजनाचा प्रश्नच उरत नाही.

चालवायला कशी आहे हा खरा प्रश्न. पहिल्यांदा बसाल तेव्हा जरा सुस्त वाटेल. हँडल वळवलं की आधुनिक रेस सायकल जशी चटकन उडी मारते तशी ही मारत नाही, ती विचार करून वळते. शहरात सिग्नल, ट्रामचे रूळ, मध्येच घुसणारी पोरं, यात हे थोडं त्रासदायक आहे. पण वीसपंचवीस किलोमीटर झाले की मजा सुरू होते. हात सैल सोडले तरी सरळ जाते, बाजूने वारा आला तरी पुढचं चाक लटपटत नाही, आणि उताराला तर विचारूच नका, लुवेनच्या पूर्वेला हागेलांडमध्ये छोटे छोटे उतार आहेत तिथे मी दुसऱ्या सायकलवर ब्रेकवर बोटं ठेवून उतरतो आणि हिच्यावर हात खालच्या बारला घट्ट धरून नुसता बसून राहतो. बॉटम ब्रॅकेट खाली, पुढचं चाक पायापासून जरा लांब, त्यामुळे आपण सायकलच्या वर न बसता सायकलच्या आत बसलोय असं वाटतं. चार-पाच तासांनंतर पाठ आणि मान ज्या अवस्थेत असतात त्यावरून सायकल ओळखावी असं मी मानतो, आणि त्यात हिला पैकीच्या पैकी.

आणि हे असं का, याचा माझ्यापुरता मी लावलेला अर्थ सांगतो. १९६९ घ्या. त्या वर्षी तो पहिल्यांदा टूर द फ्रान्सला गेला आणि पिवळी जर्सी (एकूण विजेत्याची), हिरवी जर्सी (पॉइंट्सची), डोंगरातली चढाई, सगळंच घेऊन आला. दुसऱ्या नंबरच्या रॉजर पिंजॉपेक्षा १७ मिनिटं ५४ सेकंद पुढे. आधीच आठ मिनिटांच्या वर आघाडी होती तरी पिरेनीजमधल्या मूरेंक्सच्या स्टेजला (एका दिवसाच्या टप्प्याला) तुर्माले घाटाच्या माथ्याजवळून एकटाच सुटला आणि १४० किलोमीटर एकटा चालवत जवळजवळ आणखी आठ मिनिटं वाढवून आला. गरज काय होती? काहीच नाही. आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ९ सप्टेंबरला, फ्रान्समध्ये ब्लोआच्या सिमेंटच्या ट्रॅकवर एका डर्नी रेसमध्ये अपघात झाला. डर्नी म्हणजे पुढे छोट्या मोटरसायकलवर पेसर असतो आणि सायकलवाला त्याच्या आडोशाला चिकटून चालवतो. पुढच्याचा अपघात झाला आणि हे दोघं त्यात अडकले. मर्क्सचा पेसर फर्नां वाम्ब्स्ट जागेवर गेला, मर्क्स बेशुद्ध, मणक्याला तडा, कमरेचं हाड सरकलेलं.

यानंतर तो आधीसारखा चढ चढू शकला नाही, दुखत राहायचं, असं तो स्वतःच म्हणत आलाय. आणि जिंकलेल्या टूरपैकी चार याच्यानंतरच्या आहेत हे लक्षात घ्या. कमरेचं गणित बिघडलं म्हणून सॅडलची उंची सतत बदलत राहायचा, मिलिमीटर-दोन मिलिमीटर वरखाली, कधी कधी रेस चालू असताना सायकलवर बसल्या बसल्या पाना काढून. हा माणूस पुढे फ्रेम बनवायला बसला तर त्याच्या डोक्यात पहिलं काय असणार? मला तर ही सायकल म्हणजे दुखऱ्या पाठीच्या माणसाने सहा तास बसता यावं म्हणून आखलेली वस्तू वाटते. स्प्रिंटरसाठी किंवा गल्लीतल्या क्रिटेरियमसाठी, म्हणजे छोट्या फेऱ्यांच्या रेससाठी, ती नाहीच. ज्यांना चटपटीत वळणारी सायकल हवी त्यांनी इटालियन ब्रँड बघावेत, त्यातले काही त्याच काळातले आणि त्याच ट्यूबचे मिळतात.

सॅडलवरून आठवलं, या जुन्या सायकलींचा फायदा असा की बसायची उंची, पुढेमागे, हँडलची उंची सगळं साध्या ॲलन कीने बदलता येतं. हँडलचा स्टेम जुन्या पद्धतीचा, फोर्कच्या आत घुसणारा, एक बोल्ट सैल केला की वर-खाली. आजच्या सायकलींमध्ये केबल हँडलच्या आतून, स्टेमच्या आतून, फ्रेमच्या आतून, एक सेंटिमीटर वर करायचं तर मेकॅनिकची अपॉइंटमेंट. इथे दोन मिनिटांत काम.

आता अवर रेकॉर्डबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, आणि त्याचा सायकलशी संबंधही आहे. एक तास, एक ट्रॅक, एक माणूस, किती अंतर जातो एवढंच. १९७२ मध्ये जिरो आणि टूर दोन्ही मारून झाल्यावर मर्क्स २५ ऑक्टोबरला मेक्सिको सिटीत ट्रॅकवर उतरला, उंची समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या आसपास, हवा विरळ म्हणून वेग जास्त पण श्वासाची बोंब. आधीचा रेकॉर्ड डेन्मार्कच्या ओले रिटरचा ४८.६५३ किलोमीटर. मर्क्सने सुरुवातच अशी केली की १० आणि २० किलोमीटरचे रेकॉर्ड वाटेतच मोडले, आणि मग उरलेला वेळ दात ओठ खात ओढला. ४९.४३१. उतरल्यावर धड चालता येत नव्हतं आणि परत आयुष्यात कधी त्या वाटेला गेला नाही. गिअर एकच, ५२ बाय १४ (पुढे ५२ दाते, मागे १४), म्हणजे तासभर मिनिटाला साधारण १०४ वेळा पॅडल फिरवायचं, मध्ये थांबण्याचा प्रश्नच नाही कारण ट्रॅकच्या सायकलला फ्रीव्हील नसतं, चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच.

ती सायकल एर्नेस्तो कोल्नागोने बनवली होती, ५.७५ किलोची, स्टीलची! वजन वाचवायला हँडलला भोकं, चेनच्या पट्ट्यांना भोकं, स्टेम टायटॅनियमचा. ब्रसेल्समध्ये मेट्रोच्या ५ नंबर लाइनवर आंडरलेख्टच्या बाजूला चक्क एडी मर्क्स नावाचं स्टेशन आहे आणि तिथे ती काचेआड लावलीये. फुकट बघता येते, तिकीट फक्त मेट्रोचं. लोक मोबाइलमध्ये डोकं घालून तिच्यासमोरून जातात. मी काचेला नाक लावून उभा होतो तर एक बाई माझ्याकडेच संशयाने बघत होत्या. किती साधी आहे हो ती. गोल पाइप, वाकवलेलं हँडल, स्पोकवाली चाकं, आकार जवळजवळ माझ्या कोर्सासारखाच, फक्त ब्रेक आणि गिअर काढून टाकलेले.

आणि याच साधेपणामुळे पुढे एक धमाल झाली. इटलीच्या मोझरने १९८४ मध्ये डिस्कची चाकं लावून रेकॉर्ड ५१ किलोमीटरच्या पुढे नेला, मग नव्वदच्या दशकात ओब्री आणि बोर्डमन या ब्रिटिश सायकलपटूंनी बसायच्या पद्धतीच अशा बदलल्या की बोर्डमनने १९९६ मध्ये मँचेस्टरला हात समोर ताणून ५६.३७५ मारले. त्यावर आंतरराष्ट्रीय संघटनेने २००० मध्ये ठरवलं की हे सगळं वेगळ्या खात्यात टाका, खरा रेकॉर्ड मर्क्सच्या प्रकारच्या सायकलवरच धरायचा. म्हणजे २८ वर्षांनी मर्क्स परत रेकॉर्ड होल्डर! मग तोच बोर्डमन करियरच्या शेवटी साध्या गोल पाइपच्या सायकलवर बसला आणि किती पुढे गेला? १० मीटर. ४९.४४१. तोही बऱ्यापैकी फुटला होता शेवटी. २०१४ मध्ये नियम पुन्हा सैल केले आणि आता इटलीच्या गान्नाचा ५६.७९२ आहे, २०२२ चा, पण ती सायकल आणि मेट्रो स्टेशनमधली सायकल शेजारी ठेवली तर दोन वेगळे खेळ वाटतील. मला स्वतःला तो १० मीटरचा फरक जगातल्या कुठल्याही सायकल टेस्टपेक्षा जास्त शिकवतो. सायकलचं कौतुक किती करायचं आणि माणसाचं किती, याचा हिशोब त्यात आहे.

परत कोर्साकडे. चढ. इथे माझं आणि हिचं जमत नाही. माझ्याकडे पुढे ५२ आणि ४२ दात्यांचे चेनरिंग, मागे सगळ्यात मोठी चकती २३ दात्यांची. सपाट फ्लँडर्ससाठी ठीक, पण उडेनार्डच्या बाजूला जा, ट्रेनमध्ये सायकलचं वेगळं तिकीट काढून, आणि उडे क्वारेमाँट या टेकडीवर चढवा. दोन किलोमीटरच्या वर लांबी, बराचसा भाग दगडी, चढ फार तीव्र नाही म्हणून ४२ बाय २३ वर कसाबसा निघतो. स्टीलची फ्रेम दगडांवर कार्बनसारखी खडखडत नाही हे खरंय, धक्का येतो पण त्याची धार मेलेली असते. पॅटरबर्गला मात्र २० टक्क्यांच्या वर चढ जातो आणि तिथे गुडघे बोलायला लागतात. कोपेनबर्गला मी उतरून ढकलली. यात लाज वाटायचं कारण नाही कारण १९७६ मध्ये ही टेकडी पहिल्यांदा टूर ऑफ फ्लँडर्स या एका दिवसाच्या रेसमध्ये आली तेव्हा खुद्द मर्क्सही सायकल हातात धरून चालत गेला होता, तेव्हा दगड ओले आणि अजून वाईट होते म्हणे. कमी गिअर हवाच असेल तर मागे जास्त दात्यांचा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, शोधा, पण जुना डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) किती मोठी चकती झेपवतो ते आधी बघा.

याच रस्त्यांवर १९६९ मध्ये त्याने पहिला टूर ऑफ फ्लँडर्स जिंकला. पाऊस, वारा, आणि शेवट जवळपास ७० किलोमीटर लांब असताना हा एकटा सुटला. टीमचा मॅनेजर गाडी घेऊन शेजारी आला, वेड लागलंय का म्हणाला, याने ऐकलं नाही. दुसरा आला इटलीचा जिमोंदी, साडेपाच मिनिटांनी. तो वारा काय असतो हे मी उघड्या शेतातून जाताना खाल्लंय, २२ च्या स्पीडलाही जीव जातो, आणि हा ७० किलोमीटर.

शिफ्टिंग. गिअरचे लिव्हर खाली फ्रेमच्या ट्यूबवर आहेत, म्हणजे गिअर बदलायला एक हात हँडलवरून काढून गुडघ्याजवळ न्यायचा. ग्रुपमध्ये राइड करताना किंवा दगडी रस्त्यावर हे धाडसाचं काम आहे आणि मी तरी तिथे बदलत नाही, आधीच ठरवून ठेवतो. माझ्याकडे शिमानो सहाशे अल्टेग्रा आहे, सात स्पीड, क्लिकवाले, मागचा गिअर अजूनही टक टक असा नेमका बसतो, पस्तीस वर्षांच्या वस्तूला यापेक्षा काय मागायचं. जुन्या सायकलवाले नाक मुरडतात की मर्क्सवर कॅम्पान्योलोच पाहिजे. असेल बुवा, पण शिमानोचे पार्ट स्वस्त आणि मिळतात तरी. ब्रेक मात्र आजच्या डिस्कच्या तुलनेत कच्चे आहेत. कोरड्यात ठीक, पावसात दाबल्यानंतर आधी रिम पुसली जाते आणि मग थांबायला सुरुवात होते. नवीन ब्रेक पॅड आणि नवीन केबल टाकल्यावर बराच फरक पडला, हे पहिल्याच दिवशी करा.

टायर: माझ्या फ्रेममध्ये २५ मिलिमीटर आरामात बसतात, २८ चा टाकून पाहिला तर ब्रेकखाली घासतो. २५ पुरेत.

घेणाऱ्यांसाठी दोनचार गोष्टी, कारण लोक फोटो बघून पैसे देतात आणि मग रडतात. सीटपोस्ट आणि स्टेम दोन्ही हलतात का ते समोर उभं राहून हलवून बघा. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या ट्यूबमध्ये वर्षानुवर्षं न हलवता राहिला की असा जाम बसतो की शेवटी कापून काढावा लागतो, आणि विकणारा म्हणतो मी तर कधी उंची बदललीच नाही, अहो तीच तर भीती आहे! बॉटम ब्रॅकेटच्या खाली आणि लगच्या कडेला रंगाखाली फुगवटा दिसला तर गंज समजा. डाउनट्यूबच्या (हेडट्यूबपासून पॅडलकडे येणाऱ्या ट्यूबच्या) खालच्या बाजूला, हेडट्यूबला लागून, रंगात आडवी सुरकुती असेल तर पुढून कधीतरी धडकलेली आहे, सोडून द्या, कितीही सुंदर असली तरी. मागचं चाक बसायची जागा किती रुंद आहे ते मोजा, सहा-सात स्पीडच्या काळातल्या १२६ मिलिमीटरच्या असतात आणि नंतरच्या १३० च्या, नवीन चाक टाकायचं डोक्यात असेल तर हे आधी कळायला हवं. स्टीलची फ्रेम ताकद लावून रुंद करता येते, पण ते माहीत असलेल्या माणसाकडूनच. बॉटम ब्रॅकेटचे आटे इंग्लिश की इटालियन तेही विचारा, नाहीतर चुकीचा पार्ट मागवाल. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला "ओरिजिनल कंडिशन" म्हणून जी फ्रेम दाखवली होती तिच्यावर नवा रंग आणि इंटरनेटवरून मागवलेली स्टिकर होती, आत वेगळीच ट्यूब असण्याची शक्यता, मी घेतली नाही. सीटस्टेवरचं कोरीव नाव आणि खालचा नंबर बघा, स्टिकरवर विश्वास ठेवू नका.

पैसे. चांगल्या अवस्थेतली पूर्ण सायकल इथे हजार युरोच्या आतबाहेर मागतात, टीमच्या रंगाची असेल तर पुढे कितीही. माझी हजाराच्या खाली मिळाली कारण त्या गृहस्थांना ती कुणीतरी चालवणारा हवा होता, भिंतीवर टांगणारा नको, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. त्यात टायर, केबल, चेन, बारटेप मिळून अजून बरेच गेले. त्या पैशात नवी ॲल्युमिनियमची सायकल येते, डिस्क ब्रेक आणि हलके गिअर असलेली, आणि रोज ऑफिसला जाणं, पावसात जाणं, आर्देनच्या डोंगरात जाणं हे सगळं ती जास्त चांगलं करेल. हे प्रामाणिकपणे सांगतो. पहिलीच रोड सायकल घेत असाल तर ही घेऊ नका. दुसरी म्हणून घ्या.

अजून एक, मर्क्स म्हटलं की काही लोक लगेच डोपिंग काढतात. काढा, खोटं नाहीये. १९६९ च्या जिरोमध्ये सावोनाला लीडर असताना त्याला बाहेर काढलं, तो आजही म्हणतो की मी काही घेतलं नव्हतं, पण नंतर १९७३ आणि १९७७ मध्येही टेस्ट पॉझिटिव्ह आल्या. मी देव्हारा मांडून बसलेलो नाही. मला त्याच्याबद्दल जास्त आदर १९७१ च्या टूर द फ्रान्सचा आहे, जेव्हा स्पेनचा ओकान्या पिवळ्या जर्सीत असताना मेंतेच्या घाटात वादळी पावसात पडून रेसबाहेर गेला आणि मर्क्सने दुसऱ्या दिवशी ती जर्सी घालायला नकार दिला. आणि १९७५ चा, जेव्हा पुई द डोमच्या चढावर एका प्रेक्षकाने ठोसा मारला, नंतर पडून गालाचं हाड मोडलं, डॉक्टर सोड म्हणत होते आणि तरी पॅरिसपर्यंत चालवत दुसरा आला. हरताना इतकं ताणणारा माणूस जिंकताना तसा का वागायचा ते मग समजतं.

साइजबद्दल शेवटचं, कारण हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. मर्क्सच्या फ्रेम वरच्या ट्यूबला जरा लांब असतात, त्यामुळे नेहमीच्या साइजपेक्षा एक लहान बसू शकते. मी १७४ सेंटिमीटर आहे आणि ५४ ची चालवतो, स्टेम १०० मिलिमीटरचा टाकून. तुमचे हात लहान असतील तर ९० चा घ्या, आणि घ्यायच्या आधी निदान अर्धा तास चालवून बघा, पार्किंगमध्ये गोल चक्कर मारून काहीही कळत नाही, हिच्या बाबतीत तर नाहीच.